‘स्वीडिश विणभरत’ : नावाचा गुंता आणि नवशिक्याचा मार्ग

प्रस्तावना

विणकाम आणि भरतकाम या दोन स्वतंत्र कला आहेत असे सामान्यतः मानले जाते. विणकर ताणा आणि बाणा यांच्या गुंफणीतून कापड घडवितो. भरतकाम करणारी व्यक्ती त्या तयार कापडावर सुईदोऱ्याने अलंकरण करते. एकाचे साधन माग, दुसऱ्याचे सुई. ही विभागणी पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने सोयीची असली तरी वस्त्रकलेच्या इतिहासात ती फार काळ टिकत नाही. ‘स्वीडिश वीव्हिंग’ या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा हस्तकलेचा प्रकार हे याचे उत्तम उदाहरण होय. नावात विणकाम आहे, काम मात्र सुईचे आहे. नावात स्वीडन आहे, परंतु त्याचा मोठा प्रसार झाला तो अमेरिकेत. मराठीत त्यास ‘विणभरत’ असे म्हणता येईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रमांना पदवीस्तरावर श्रेयांक मिळू लागले आहेत. हस्तकलेचे छोटे अभ्यासक्रम आखण्याचे काम त्यामुळे अनेक महाविद्यालयांतील प्राध्यापकांकडे आले. अशा अभ्यासक्रमात ‘पारंपरिक’ हे विशेषण फार सहजपणे वापरले जाते. एखादे तंत्र कोणाचे, कोठले, कोणत्या काळातले, याची शहानिशा न करता ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले, तर विद्यार्थी टाका शिकतो पण चुकीचा इतिहास घेऊन बाहेर पडतो. या दृष्टीने प्रस्तुत लेखात विणभरताचे तंत्र, त्यामागे उभी असलेली खरी स्वीडिश परंपरा आणि नवशिक्याने त्या परंपरेत कोठून प्रवेश करावा, यांचा विचार केला आहे.

नावाचा गुंता

विणभरतासाठी लागणारे मूळ कापड म्हणजे ‘हकबॅक’. हे टॉवेलाचे कापड आहे. त्याची वीण साधी असते, मात्र ठराविक अंतरावर काही धागे गुंफणीतून मोकळे सोडलेले असतात व ते कापडाच्या पृष्ठभागावर तरंगल्यासारखे दिसतात. एका बाजूला हे तरंगते धागे उभे आणि जोडीजोडीने असतात. दुसऱ्या बाजूला ते आडवे दिसतात. या मोकळ्या धाग्यांमुळे कापड पाणी चांगले शोषते, म्हणूनच ते अंग व हात पुसण्यासाठी वापरले जाई. सुईने या तरंगत्या धाग्यांखालून रंगीत दोरा ओवीत गेले की नक्षी तयार होते. सुई कापडाला भोसकून पलीकडे जातच नाही. कापडाची मागची बाजू कोरी राहते.

हा प्रकार १९३० ते १९५० या दशकांत अमेरिकेत अतिशय लोकप्रिय झाला. नमुन्यांच्या स्वस्त पुस्तिका निघाल्या, घरोघरी टॉवेलांचे काठ भरले गेले. पुढे हकबॅकऐवजी ‘मंक्स क्लॉथ’ हे जाडसर, चार-चार धाग्यांच्या चटईविणीचे सुती कापड वापरून मोठ्या पांघरुणांवरही हे काम होऊ लागले. ‘स्वीडिश वीव्हिंग’, ‘हक एम्ब्रॉयडरी’, ‘हक डार्निंग’ ही सारी एकाच तंत्राची नावे. यांपैकी शेवटचे नाव तंत्राच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक आहे, कारण ‘डार्निंग’ म्हणजे रफू. आणि रफूगाराची सुई जशी धाग्यांच्या वरखाली जाते तशीच ही सुईही जाते.

स्वीडनच्या प्रादेशिक भरतकामाची नामावली पाहिली तर तेथे हालांडचे ‘हालांडसोम’, ब्लेकिंगेचे ‘ब्लेकिंगेसोम’, हेल्सिंगलांडमधील ‘येर्व्सोसोम’ आणि ‘देल्सबोसोम’ असे प्रदेशाच्या वा गावाच्या नावाने ओळखले जाणारे प्रकार आढळतात. ‘सोम’ म्हणजे शिवण. या नामावलीत अमेरिकी पुस्तिकांतील विणभरताला असे प्रादेशिक स्थान नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत सुमारे १२ ते १३ लाख स्वीडिश लोक देशांतर करून गेले व त्यांतील बहुसंख्य अमेरिकेत स्थिरावले. तेव्हा ‘स्वीडिश’ या शब्दाला तेथील घरगुती हस्तकलेच्या बाजारात एक आपुलकीचा आणि सचोटीचा वास होता, असे अनुमान करणे वावगे ठरू नये. परंतु अनुमान ते अनुमानच. नावावरून वंशावळ ठरविण्याची घाई अभ्यासकाने करू नये.

याचा अर्थ हे तंत्र टाकाऊ आहे असा मुळीच नाही. नवशिक्यासाठी ते उत्कृष्ट आहे, हे पुढे दिसेल. केवळ त्यास ‘स्वीडनची प्राचीन लोककला’ म्हणणे योग्य नाही.

स्कोनेची वस्त्रे : विणलेली की भरलेली?

विणकाम आणि भरतकाम यांची सीमा जेथे खरोखर पुसट होते तो प्रदेश म्हणजे स्वीडनच्या दक्षिण टोकाचा स्कोने प्रांत. १६५८ च्या रोस्किल्द तहापर्यंत हा प्रांत डेन्मार्ककडे होता. सुपीक जमिनीमुळे येथील शेतकरी सधन होता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढील सुमारे शंभर वर्षांत येथील शेतकरी घरांतील स्त्रियांनी जी वस्त्रे निर्माण केली ती युरोपातील लोकवस्त्रांमध्ये अग्रगण्य मानली जातात.

या वस्त्रांचे उपयोग लक्षात घेण्यासारखे आहेत. घोडागाडीच्या बैठकीवर टाकावयाची उशी, भिंतीलगतच्या बाकावरील लांब आच्छादन, पलंगपोस आणि सणावारी भिंतींवर टांगावयाची वस्त्रे हे त्यांचे मुख्य प्रकार. रोजच्या वापरात ती नसत. एरवी ती पेटीत घडी करून ठेवलेली असत. लग्न, नामकरण, नाताळ अशा प्रसंगी बाहेर निघत. गाडीची उशी लग्नाला वा चर्चला जाताना चार लोकांच्या दृष्टीस पडे. मुलीच्या पेटीत किती वस्त्रे आहेत यावर घराची पत ठरत असे. आपल्याकडील रुखवताशी हे साम्य सहज जाणवणारे आहे. मात्र रुखवत मांडून झाले की त्याचे काम संपते, स्कोनेतील उशी पिढ्यान्‌पिढ्या गाडीत बसत असे.

तंत्रे अनेक होती. ‘रोलाकान’ मध्ये ताणा बहुधा तागाचा आणि बाणा लोकरीचा. प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या क्षेत्रापुरताच जातो आणि शेजारच्या रंगाच्या बाण्यात अडकून परत फिरतो. वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण पैठणीच्या पदरावरील नक्षी याच तत्त्वाने घडते: रंगाचा धागा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न जाता नक्षीच्या सीमेवरून परततो. पैठण आणि स्कोने यांचा परस्परसंबंध सांगण्याचा येथे हेतू नाही. एकाच अडचणीवर दोन ठिकाणच्या विणकरांनी एकच उत्तर शोधले, एवढेच यातून दिसते.

‘दुकागोंग’ हे तंत्र विणभरताच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. येथे साध्या विणीचे मूळ कापड मागावर होत असतानाच नक्षीचा जादा बाणा हाताने घातला जातो. तो साधारणतः तीन ताण्यांवरून जाऊन चौथ्याखाली दाबला जातो. दाबण्याची जागा प्रत्येक ओळीत तीच असल्यामुळे नक्षी उभ्या पट्ट्यांनी बनल्यासारखी दिसते. पक्षी असो, हरीण असो की अष्टकोनी तारा, त्याच्या अंगावरून उभ्या रेघा गेलेल्या असतात. ‘क्राब्बास्नोर’ मध्ये रंगीत लोकरीच्या लहान लहान गुंड्या बोटांनी ताण्यातून ओवून तिरप्या रेषांची दाट नक्षी केली जाते. ती पाहून कोणालाही भरतकामच वाटावे. या दोन्ही तंत्रांत बहुधा कापडाची उलटी बाजू विणकरणीच्या समोर असते. सुलटी बाजू तिला काम चालू असताना दिसत नाही. डोळ्यांपुढे गाठी आणि टोके, आणि खाली न दिसणारी नक्षी.

याच्या उलट ‘त्विस्तसोम’. हे निःसंशय सुईचे काम आहे. लांब हाताच्या फुली टाक्याने लोकरीचा धागा तागाच्या कापडावर असा भरला जातो की मूळ कापड तसूभरही दिसत नाही. जितके पुढे जायचे त्याच्या निम्मे मागे यायचे, या क्रमामुळे टाक्यांची ओळ वेणीसारखी गुंफलेली दिसते आणि पाहणाऱ्यास ते जाड विणलेले कापड वाटते. म्हणजे विणलेले कापड भरल्यासारखे आणि भरलेले कापड विणल्यासारखे. तारा, पक्षी, हरीण हे आकार एका तंत्रातून दुसऱ्यात मुक्तपणे ये-जा करीत. करणाऱ्या स्त्रीला ‘मी विणकर की भरतकाम करणारी’ हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. तो प्रश्न वस्तुसंग्रहालयाच्या सूचीतून आला.

आपल्या शेजारच्या कशिद्यातही अशीच गोष्ट आढळते. धारवाड परिसरातील कसुतीचे जे चार टाके सांगितले जातात त्यांपैकी ‘नेगी’ या टाक्याचे नाव विणण्यासाठी असलेल्या कानडी शब्दावरून आले आहे. तो मुळात लहानमोठा धावदोराच आहे, परंतु इरकली लुगड्यावर भरल्यानंतर मागावरून आलेल्या नक्षीसारखा दिसतो. सुईचे काम विणीसारखे दिसावे ही ओढ म्हणूनच एखाद्या देशापुरती मर्यादित मानता येत नाही.

पहिला टॉवेल

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळता येईल. नवशिक्याने विणभरतापासूनच सुरुवात करावी, असे येथे सुचवावेसे वाटते. कारण यात कापडच शिक्षकाचे काम करते. टाका किती लांब घ्यावा, सुई कोठे घालावी, हे तरंगत्या धाग्यांनी आधीच ठरविलेले असते. रेखाटन करावे लागत नाही, कापडावर छाप उमटवावा लागत नाही, चौकटही लागत नाही.

हकबॅक कापड मिळाले नाही तर चटईविणीचे दसुती कापड चालते. मात्र सरावाचा पहिला तुकडा हकबॅकचा असल्यास तरंगत्या धाग्याची संकल्पना लवकर स्पष्ट होते. कापड कोणतेही असो, ते आधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घेणे अत्यावश्यक आहे. सुती कापड, विशेषतः चटईविणीचे, पहिल्या धुण्यात बरेच आटते. भरल्यानंतर ते आटले तर दोरा तेवढा आटत नाही आणि नक्षीचे फुगे येतात. धुण्यापूर्वी कापलेल्या कडांना शिलाई मारावी, अन्यथा अशा सैल विणीच्या कडा धुण्यात भराभर उसवतात. लाल आणि गडद निळा दोरा पक्क्या रंगाचा आहे की नाही हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची असावी. टोकदार सुई तरंगत्या धाग्याखालून जाण्याऐवजी त्या धाग्यालाच फाडून मधून निघते. वरून काहीच कळत नाही, पण ओळ ओढली की नक्षी तेथे अडखळते. दोरा पर्ल कॉटन किंवा सहा पदरी लडीचा.

काम कापडाच्या मध्यापासून सुरू होते. कापड उभे दुमडून मध्य काढावा व तेथील तरंगत्या धाग्यांच्या जोडीवर खुणेचा दोरा घालावा. सुई या मधल्या जोडीखालून घालून दोरा निम्मा ओढून घ्यावा. निम्मा दोरा एका बाजूला लोंबत राहील. उरलेल्या निम्म्या दोऱ्याने मध्यापासून काठापर्यंत ओळ पूर्ण करावी. नंतर कापड उलटसुलट न करता केवळ फिरवून, म्हणजे वरची कड खाली आणून, लोंबता दोरा सुईत ओवावा व दुसरी बाजू त्याच रीतीने भरावी. यामुळे दोन्ही काठांवर नक्षी सारखी संपते. काठापासून सुरुवात करणाऱ्याची नक्षी एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला तुटलेली येते, हा हमखास अनुभव आहे.

मध्यापासून सुरुवात करण्याचे दुसरे कारण दोऱ्याशी संबंधित आहे. नेहमीच्या भरतकामात दोरा संपला की मागच्या बाजूला टोक अडकवून नवा दोरा घेता येतो. येथे मागची बाजू कामात येतच नाही, त्यामुळे ओळीच्या मधोमध जोड लपविण्यास जागा नसते. एका ओळीला एकच दोरा हवा. म्हणून दोऱ्याचा अंदाज आधी बांधावा लागतो. साध्या सरळ ओळीला कापडाच्या रुंदीच्या सुमारे दीडपट, वेटोळ्यांच्या ओळीला दुप्पट ते तिप्पट दोरा लागतो. उदाहरणार्थ, ४० सेंटिमीटर रुंदीच्या टॉवेलावर वेटोळ्यांची ओळ भरावयाची असल्यास ८० ते १२० सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकांना हाताशी राहावा म्हणून आणखी २० सेंटिमीटर. ओळ संपली की टोक त्याच ओळीतील काही जोड्यांखालून परत ओवून किंवा काठाच्या दुमडीत शिवून टाकावे. गाठ मारू नये.

टाक्यांचे प्रकार मोजकेच आहेत. एकाच रांगेतील लागोपाठच्या जोड्यांखालून सुई नेली की सरळ ओळ होते. खालच्या रांगेतून वरच्या रांगेतील जोडीकडे आणि पुन्हा खाली आले की नागमोड. वर जाऊन मूळच्याच जोडीत परत आले तर बंद वेटोळे, पुढच्या जोडीत उतरले तर उघडे वेटोळे. विणभरताची बहुतेक सारी नक्षी या चार हालचालींच्या निरनिराळ्या मांडणीतून निघते. पाच ओळींचा काठ पहिल्या टॉवेलाला पुरेसा आहे. मधली ओळ सर्वांत उंच, तिच्या वरखाली त्याच आकाराला धरून जाणाऱ्या ओळी, आणि रंग दोनच.

चूक कोठे होते

हे तंत्र सोपे असले तरी चुका ठराविक जागी होतात आणि त्या शिक्षकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. पहिली चूक ताणाची. दोरा ओढून घट्ट केला की कापड आकसते व चुण्या पडतात. सैल सोडला की वेटोळी वर उचलली जातात आणि वापरात कशाला तरी अडकतात. दर आठ-दहा टाक्यांनंतर कापड टेबलावर सपाट पसरून हात फिरवून पाहणे हा एकच उपाय.

दुसरी चूक मोजणीची आणि ती अधिक खोल. मध्याजवळ एक जोडी सुटली तर त्या क्षणी काहीच बिघडलेले दिसत नाही. टाके सुबक असतात, ओळ सरळ असते. चूक उघड होते ती दुसरी किंवा तिसरी ओळ पहिलीच्या शिखराला येऊन भिडावयाची असते तेव्हा, आणि तोपर्यंत दोन ओळी भरून झालेल्या असतात. नवशिक्या अशा वेळी शेवटच्या ओळीत एखादी जोडी गाळून जुळवून घेण्याचा प्रयत्न करतो. तसे करू देऊ नये. चूक जेथे झाली तेथपर्यंत मागे जाऊन उसवणे हाच मार्ग. उसवताना सुईचे नेढे पुढे धरून दोरा एकेका जोडीखालून उलट काढावा. कात्री लावल्यास तरंगता धागा कापला जाण्याची भीती असते, आणि कापला गेलेला तरंगता धागा परत आणता येत नाही.

मोजून केलेल्या भरतकामाचे शैक्षणिक मूल्य नेमके येथे आहे. चित्रकलेच्या वर्गात चूक ही रुचीचा प्रश्न ठरू शकते. मोजणीच्या टाक्यात ती निर्विवाद असते, आणि ती शोधण्यासाठी शिक्षकाच्या मताची गरज नसते. विद्यार्थी स्वतःच मोजतो आणि स्वतःच उसवतो.

पुढची पायरी

विणभरतात हात बसल्यावर खऱ्या स्वीडिश परंपरेकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक त्विस्तसोमचा. येथे तरंगते धागे नसतात, धागे स्वतः मोजावे लागतात. मात्र ओळीने जाण्याची आणि सम आकार राखण्याची सवय उपयोगी पडते. दुसरा मार्ग लहान चौकटीच्या मागावर दुकागोंग विणण्याचा. ज्याने तरंगत्या धाग्याखालून दोरा ओवला आहे त्याला जादा बाणा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आधी त्याचा दोरा तयार कापडात जात होता, आता कापड आणि नक्षी एकाच वेळी वाढतात, एवढाच फरक.

मोकळ्या भरतकामाकडे, म्हणजे हालांडसोमसारख्या प्रकाराकडे, घाईने जाऊ नये. त्यात वर्तुळे, त्रिकोण, हृदये आणि वृक्ष यांच्या आकृती पांढऱ्या कापडावर लाल व निळ्या दोऱ्याने भरल्या जातात आणि आकृतीच्या आतील जागा जाळीसारख्या निरनिराळ्या टाक्यांनी सजविली जाते. उशीच्या अभ्र्याची दर्शनी बाजू ही त्याची मानाची जागा. दिसायला हे बाळबोध वाटते, परंतु एका वर्तुळात कोणती जाळी घालावी आणि शेजारच्या वर्तुळात कोणती, हा निर्णय पूर्णपणे करणाऱ्याचा असतो. कापड येथे काहीच सांगत नाही.

या संदर्भात उत्तर स्वीडनमधील आनुंदशो येथील ब्रिता-काय्सा कार्लसदोत्तेर (१८१६–१९१५) या स्त्रीचे उदाहरण बोलके आहे. तिने लाल दोऱ्याने स्वतःच्या धाटणीची फुले-पाने भरली आणि आपल्या कामावर नावाची अक्षरे व सालही भरले. आज ‘आनुंदशोसोम’ म्हणून जी प्रादेशिक शैली शिकविली जाते तिचे मूळ या एका स्त्रीच्या कामात आहे. परंपरा नेहमीच निनावी समूहाची असते, या समजुतीला हा छेद आहे. लोककलेच्या अभ्यासात नाव नोंदविले गेले नाही याचा अर्थ नाव नव्हते असा घेतला जातो. ब्रिता-काय्साने ती सोय ठेवली नाही.

संस्थांनी काय राखले, काय बदलले

स्कोनेमध्ये १८०३ पासून शेतजमिनींची एकत्रित फेरवाटणी झाली. जुनी दाटीवाटीची गावे विस्कटली आणि शेतकरी आपापल्या जमिनीवर दूर दूर राहावयास गेले. त्यापाठोपाठ गिरणीचे कापड आणि रासायनिक रंग आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेटीतील वस्त्रांची किंमत करणारा शेजार उरला नव्हता. पुढील काळात ही कला टिकली ती संस्थांमुळे. आर्तुर हासेलियुस यांनी १८७३ मध्ये लोकजीवनाच्या वस्तूंचा संग्रह स्टॉकहोम येथे उभा केला. तोच पुढे नॉर्डिक संग्रहालय झाला. १८७४ मध्ये सोफी आदलेर्स्पारे यांच्या पुढाकाराने ‘हान्दआर्बेतेत्स व्हेन्नेर’, अर्थात ‘हस्तकामाचे मित्र’, ही संस्था स्थापन झाली. आदलेर्स्पारे या स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संपादक होत्या आणि हस्तकाम हे त्यांच्या दृष्टीने स्त्रीच्या स्वतंत्र कमाईचे साधन होते, ही बाब अनेकदा विसरली जाते. १८९९ मध्ये लिली सिकरमान (१८५८–१९४९) यांनी स्वीडिश गृहोद्योगांची संस्था उभारली. त्यांनी नंतर देशभर फिरून लोकवस्त्रांची पाहणी केली व हजारो छायाचित्रांचा संग्रह सिद्ध केला. डालार्ना प्रांतातील सेतरग्लेन्तान येथे १९२२ पासून हस्तकलेचे शिक्षण दिले जात आहे.

या कार्याचे ऋण मोठे आहे. तरीही त्याची दुसरी बाजू नोंदविणे आवश्यक वाटते. संस्थेने नमुना कागदावर उतरविला, रंग निश्चित केले, कापड आणि दोरा एकत्र बांधून विकावयास ठेवला. त्यामुळे तंत्र शहरातील स्त्रीच्या हाती पोहोचले. पण जे घराघरांत थोडे थोडे बदलत होते ते एका रूपात स्थिरावले. ब्लेकिंगेसोम म्हणजे गुलाबी आणि फिकट निळा, असे आता कोणीही सांगेल. जुन्या पेट्यांतील वस्त्रे इतकी आज्ञाधारक नव्हती. संस्था नसत्या तर कला राहिली नसती आणि संस्था आल्यावर ती जशीच्या तशी राहिली नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. अमेरिकी पुस्तिकांनी विणभरताचे जे केले ते याच प्रक्रियेचे टोकाचे रूप म्हणता येईल: तेथे फक्त नमुना उरला, गाव आणि घर दोन्ही गळले.

स्लोइड आणि वर्ग

स्वीडनमध्ये हस्तकामाला ‘स्लोइड’ म्हणतात आणि आजही तेथील शालेय शिक्षणात तो सर्व मुलामुलींसाठी अनिवार्य विषय आहे. त्याच्या अध्यापनशास्त्राची मांडणी ओट्टो सालोमोन (१८४९–१९०७) यांनी नेस येथील शिक्षक-प्रशिक्षण केंद्रात केली. त्यांचे काम मुख्यतः लाकडाचे होते. मुलींच्या शिवणकामाच्या वर्गपद्धतीचा पाया हुल्दा लुंदिन यांनी स्टॉकहोममध्ये घातला. सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर उपयोगी पडेल अशी पूर्ण वस्तू हे स्लोइडचे सूत्र. सरावासाठी नुसते तुकडे भरून टाकून देणे सालोमोन यांना मान्य नव्हते. पहिला टॉवेल हा टॉवेलच असावा, नमुन्याची चिंधी नसावी, हा आग्रह या सूत्राशी सुसंगत आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. दोन्ही विचारांत साम्य दिसत असले तरी एक भेद मूलभूत आहे. सालोमोन यांच्या मते वस्तूचे मोल मुलाच्या घडणीत होते, विक्रीत नव्हे. वर्ध्याच्या योजनेत मात्र मुलांच्या उत्पादनातून शिक्षणाचा खर्च बऱ्याच अंशी भागावा अशी अपेक्षा होती. आजच्या कौशल्य अभ्यासक्रमांत या दोन अपेक्षांची सरमिसळ होते: विद्यार्थ्याने शिकावे आणि त्याच सत्रात प्रदर्शनात वस्तू विकावी. ३० तासांच्या अभ्यासक्रमात दोन्ही साधत नाही. ज्याला उसवण्यास वेळ नाही तो विक्रीयोग्य वस्तू करील, पण ती शिक्षकाने जुळवून दिलेली असेल.

म्हणून मूल्यमापन करताना वस्तूच्या सुबकतेला निम्म्याहून अधिक गुण ठेवू नयेत. टॉवेल उलटा करून पाहावा. मागच्या बाजूला रंगीत दोरा दिसला तर सुई कोठे चुकली हे विद्यार्थ्यास सांगता आले पाहिजे. मधली जोडी कोणती, हे त्याने बोटाने दाखवावे. आणि वस्तूसोबत जोडावयाच्या चिठ्ठीवर ‘पारंपरिक स्वीडिश कला’ असे मोघम न लिहिता तीन गोष्टी लिहाव्यात: कापड कोणते, तंत्र कोणते, आणि हा नमुना कोणाकडून घेतला. नमुना विद्यार्थ्याचा स्वतःचा असेल तर ब्रिता-काय्साप्रमाणे त्याने कोपऱ्यात आपले नाव आणि साल भरावे.